भुशाखालचा थर

३ मार्च

वाटाणा लावला एकदाचा. दोन वाफे. माती इतकी गार की बोटं बधिर झाली, पण गोठ्याच्या दारामागं यांनी लिहून ठेवलंय — 'वाटाणा, मार्चचा पहिला आठवडा' — म्हणजे लागलाच पाहिजे! माणूस जाऊन सात आठवडे झाले, हुकूम चालूच.

त्या दाराच्या आतल्या अंगाला सुतारी पेन्सिलीनं सगळा वसंत लिहिलाय. वाटाणा. शेळ्यांची खुरं. गोठा काढणे. बटाटे. खुडूक कोंबडी बसवणे. पुढं दर वर्षीच्या तारखा, एकाखाली एक. आज त्यांच्या अक्षराखाली मी माझ्या अक्षरात तारीख घातली. अगदी उपरी दिसते.

भाऊजींनी विचारलं, "वहिनी, गोठा कधी काढायचा?" म्हटलं, बघू.

५ मार्च

दोन्ही शेळ्यांची खुरं कातरली. काळी गुणी. भुरीनं मात्र नाकी नऊ आणले. शेवटी भाऊजींच्या पायावर पाय दिला तिनं, चांगला जोरात. माणूस ओरडेल की नाही? नाही! नुसते ओठ आवळून उभे. यांचे सख्खे धाकटे भाऊ, पण हे बोलत सुटायचे आणि भाऊजींच्या तोंडातून शब्द निघायचा तर आधी दोनदा घसा खाकरणार, मग बोलायचं तेच गिळून टाकणार. लग्न केलं नाही ते बरंच झालं. मागणी घालायला गेले असते आणि खाकरून परत आले असते.

काळीचं पोट खाली उतरलंय. व्यायला दोन आठवडे, फार तर.

भाऊजी जाता जाता म्हणाले, "गोठा मी एकटा काढतो. तुम्ही नका येऊ." मी म्हटलं, "का? माझे हात झिजलेत का?"

६ मार्च

टाळतेय मी. निदान इथं तरी खरं लिहावं. ही वही कोण वाचणार आहे?

गोठा हिवाळाभर काढायचा नाही, ही यांची पद्धत. खालचं ओलं झालं की वर कोरडं पसरायचं. परत ओलं, परत कोरडं. खालचं कुजत जातं आणि त्याची ऊब जनावरांना लागते. थरावर थर चढून मार्चपर्यंत जमीन गुडघाभर वर येते. मग सगळं एका दमात उपसायचं, चुना मारायचा, खत बटाट्याला. थंडी आहे तोवर ती ऊब. ऊन तापायला लागलं की तेच विष. म्हणून शेळी व्यायच्या आत गोठा रिकामा झालाच पाहिजे. हे मला कुणी शिकवायला नको.

पण वरचे सात आठवड्यांचे थर माझे आहेत. त्याखाली यांनी टाकलेला शेवटचा पेंढा आहे. आणि त्या पेंढ्यात कुठंतरी गोळ्यांची डबी.

छातीच्या गोळ्या. रोज सकाळी एक, चुकवायची नाही. दोन-दोन महिन्यांच्या मी एकदम आणवायची आणि हे त्या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत भरून खिशात टाकायचे. त्यांच्या खिशात टाकलेली वस्तू म्हणजे विहिरीत टाकलेली वस्तू! दोन चष्मे, एक कलम करायचा चाकू, डाव्या हाताचे किती मोजे. डबी तर वर्षात दोनदा हरवली. दुसऱ्यांदा मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "आता तिसऱ्यांदा हरवलीत तर मला सांगायला यायचं नाही! सांगून ठेवते!" डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी मी कपाटात कुलपात ठेवली. ती त्यांच्या हातात दिली असती तर तीही गेली असती.

हे म्हणायचे, हिच्या जिभेला हाड नाही. हसून म्हणायचे.

तर चौदा जानेवारी. मी कांद्याचं बी निवडत बसले होते, ताट मांडीवर. हे दारात येऊन उभे राहिले. "माझी डबी कुठं दिसली का गं?" मी मान वर केली नाही. "तुमची डबी तुम्ही शोधा! मी काय राखण करत बसलेय?" जरा थांबले. "बरं," म्हणाले. गोठ्याकडं गेले. दहाच्या सुमाराला भाऊजी पळत आले.

खिशात डबी नव्हती. घर मी नंतर चारदा पालथं घातलं, घरात नाही. म्हणजे गोठ्यात. गोळी तिथंच घ्यायचे रोज, शेळ्यांना घातलं की नळाला तोंड लावून. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. लोक म्हणाले, हाल झाले नाहीत. मी सगळ्यांना मान हलवली. ताट खाली ठेवून पाच मिनिटं उठले असते तर? हे कुणालाच बोलले नाही. त्या शेवटच्या पेंढ्यात, ते पडले तिथं, डबी निघाली की मग झालंच. मग मीच.

म्हणून गोठा काढत नाही.

९ मार्च

आज डोकंच फिरलं. टोमॅटोची रोपं मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवली होती, तीन ट्रे. चांगली चार-चार पानांवर आलेली. आज बघते तर दोन ट्रेंमध्ये नुसती माती! वर पाणी शिंपडलेलं, अगदी साळसूद. भाऊजींना उभं केलं. घसा खाकरला. एकदा. दोनदा. मग कळलं — परवा रात्री खिडकी उघडी राहिली, गारठ्यानं रोपं काळी पडून माना टाकल्या, आणि या शहाण्यांनी पहाटे उठून ती उपटून गुपचूप नवं बी पेरलं! मला कळणार नाही म्हणून! मी काय आंधळी आहे?

"अहो, सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं का मी तुम्हाला?"

ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभे. पन्नाशीचा माणूस. "तसं नाही, वहिनी."

मग कसं ते काही सांगेनात. मीही तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच, दुपारपर्यंत.

१२ मार्च

दारामागच्या यादीत 'गोठा काढणे' याच्या पुढं सगळ्या तारखा आठ ते बारा मार्चमधल्या. एकही वर्ष चुकलेलं नाही. आज बारा.

दोन भारे कोरडा पेंढा आणला आणि वर पसरला. दिसायला कसं छान सोनेरी! पण आत गेलं की डोळे चुरचुरतात. भाऊजी दारात उभे राहून बघत होते.

१४ मार्च

दोन महिने झाले. मुळा पेरला.

१५ मार्च

बटाट्याला कोंब बोटभर झालेत. खोक्यात कसे एकमेकांकडं माना वळवून बसलेत. चर खणून तयार, पण खत गोठ्यात. खताशिवाय लावायचे नाहीत असं भाऊजींनी तीन शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, मग राहू देत!

चिडते मी, ते मला दिसतं. पण थांबवता येत नाही. तोंड आधी जातं, मी मागून जाते.

१७ मार्च

तांबडी कोंबडी खुडूक झाली. तीन दिवस खोक्यातून हलत नाही, हात घातला की फुगून अंगावर येते. मला आवडते ती. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. प्रत्येकावर पेन्सिलीनं फुली, म्हणजे दुसरी कुणी येऊन आगाऊपणानं घालून गेली तर कळतं. हे फुलीच्या जागी तारीख घालायचे, वर आणि एखाद्यावर डोळे-नाक काढायचे. "ह्याचा बाप कोण ते कळायला हवं ना!" म्हणायचे. साठी उलटली तरी पोरकटपणा गेला नाही.

मी फुल्याच केल्या.

१९ मार्च

काळी व्याली! भर दुपारी, फार त्रास न देता. दोन करडं. पहिली मादी, म्हणजे पाट, काळी कुळकुळीत. दुसरा बोकड, पांढरा, कपाळावर एक काळा ठिपका. भाऊजींनी नाकं पुसली, मी नाळेला आयोडीन लावलं, दोघांना चीक पाजला. भाऊजी चक्क हसले. बोकड पाचव्या मिनिटाला उभा राहिला, पडला, परत उभा राहिला आणि माझ्या पदराला ढुशी दिली.

बाहेर येऊन रडले जरा. हे असते तर ठिपक्यावरून नाव ठेवलं असतं.

खाली भरपूर पेंढा घातलाय. होईल सगळं नीट.

२२ मार्च

ठिपका सकाळपासून लंगडतोय. काळीनं पाय दिला असेल. भाऊजी म्हणाले, "करडं माझ्या खोलीत आणू का?" मी म्हटलं, "आईपासून तोडता? काहीतरीच!"

२३ मार्च

लंगडत नाही. उभाच राहत नाही. पुढचे गुडघे गरम, सुजलेले.

जनावरांची डॉक्टरीण आली. पोरगीच आहे, माझ्या निम्म्या वयाची. आत पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. बुटानं वरचा पेंढा बाजूला केला. खाली काळं, चिकट, वाफाळणारं. "एवढी ओल? या दिवसांत? नाळेतून शिरलं सगळं त्याच्या अंगात. कुणी ठेवलं असं?"

मी तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडेना!

भाऊजी म्हणाले, "माझं काम होतं. राहून गेलं."

तिनं त्यांना चांगलंच झाडलं. ते ऐकून घेत उभे राहिले, यांच्यासारखेच, खांदे पाडून. मी शेजारी उभी.

इंजेक्शनं दिलीत. पाटीला आणि काळीला भाऊजींच्या खोलीत हलवलं. ठिपका स्वयंपाकघरात, माझ्याजवळ, खोक्यात.

२४ मार्च

बाटलीनं पितो. थोडंसं.

२५ मार्च

गेला. सकाळी सात वाजता. तोंडात बाटली तशीच होती.

२६ मार्च

त्याला कुंपणाजवळ पुरलं. भाऊजी खड्डा खणत होते आणि मी म्हटलं, "ते तुम्ही का म्हणालात? काम माझं होतं. मीच काढू दिला नाही." खाकरले. म्हणाले, "कुणीतरी म्हणायला हवंच होतं." आणि फावडं घेतलं.

मी एका मेलेल्या माणसाच्या पेंढ्यावरून जित्या जिवाच्या नरडीचा घोट घेतला. सहा दिवसांचं पोर! दुसरं काय म्हणायचं याला?

उद्या काढते गोठा. निघू दे काय निघायचं ते.

२७ मार्च

सकाळी खत उपसायचा काटा घेऊन गोठ्यात उभी राहिले. भाऊजी पुन्हा म्हणाले, "तुम्ही नका. मी करतो." म्हटलं, "हातगाडी ढकला तुम्ही, काटा मीच धरणार."

वरचे माझे थर. ओलेकच्च, सैल, घाईघाईनं टाकलेले. जेवणाच्या वेळेपर्यंत ते संपले. मग यांचा पेंढा लागला. ओळखू येतो! हे भारा सोडून पेंढा हातानं मोकळा करायचे, मी आपली फेकते. थर कसा सारखा, घडी घातल्यासारखा. गुडघ्यावर बसले आणि काटा ठेवून दिला. हातानं काढला सगळा. नळाजवळचा तर काडी-काडी करून.

नाही.

डबी नाही. दोनदा बघितलं. त्याच्या खाली पालापाचोळ्याचा थर आहे, जानेवारीच्या सुरुवातीचा. तोही निम्मा झाला. अंधारलं म्हणून भाऊजींनी उठवलं. कंबर धरलीय. डबी नाही म्हणजे काय, तेच कळत नाही.

२८ मार्च

सापडली.

पाचोळ्याखाली लाकडाचा भुसा होता, वीतभर, दाबून दाबून फळीसारखा झालेला. काट्यानं त्याचे मोठाले पापुद्रे उचलत होते. नळाजवळचा एक पापुद्रा उलटला आणि त्याच्या खाली — वर नाही, आत नाही, खाली — जुन्या पेंढ्यात रुतलेली पत्र्याची डबी. गंजलेली. झाकण मोरीच्या दगडावर आपटून उघडलं. आत गोळ्यांचं पीठ झालंय, पण अर्ध्याहून जास्त भरलेली.

भाऊजी गाडी घेऊन दारात आले, माझ्या हाताकडं बघितलं, आणि गाडी रिकामीच घेऊन परत फिरले.

मी तशीच, शेणाच्या हातांनी घरात आले आणि ही वही मागं चाळली. भुसा आम्ही हिवाळ्यात एकदाच घातला होता. सापडलं. १९ डिसेंबर. माझंच अक्षर — 'सुतार दहा पोती भुसा देऊन गेला. हे आणि भाऊजी दिवसभर गोठ्यात पसरत होते. अंगणभर सांडून ठेवलाय, ओरडले दोघांना.'

एकोणीस डिसेंबर ते चौदा जानेवारी. बोटांवर मोजलं. मग कॅलेंडर काढून मोजलं. सव्वीस दिवस.

म्हणजे त्या सकाळी मी ताट फेकून उठले असते, घर उलथंपालथं केलं असतं, गोठ्यात रांगत फिरले असते, तरी डबी मिळाली नसती. वीतभर भुशाखाली होती ती. पाच मिनिटांचा प्रश्नच नव्हता!

२९ मार्च

झोपले. आठ तास! दोन महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी पोटभर जेवले, वर चहा घेतला. भाऊजी माझ्याकडं बघतच राहिले.

गोठा जमिनीपर्यंत साफ. चुना मारला. काळी आणि पाट परत आत. पाट कोऱ्या जमिनीवर चारी पायांवर उड्या मारत होती. पहिलं खत बटाट्याच्या चरांत पडलं आणि संध्याकाळपर्यंत बटाटेही लागले. यादीत तारखा घातल्या. उशिराच्या, पण घातल्या.

ठिपक्याचं मात्र माझ्याच माथी राहणार. ते राहू दे, ते माझंच आहे.

३० मार्च

सुटले म्हणत होते काल. आज सकाळपासून यांचाच राग येतोय. खोटारडा माणूस! सव्वीस सकाळी मी विचारलं असेल, "गोळी घेतली का?" आणि सव्वीस सकाळी, "घेतली." तोंड पुसत! नळाचं नुसतं पाणी पिऊन यायचे आणि वर, "घेतली"!

चिठ्ठी कपाटात होती. किल्ली माझ्या कमरेला. एक शब्द टाकला असता तर दुसऱ्या दिवशी नव्या गोळ्या आणल्या असत्या. पायी गेले असते. सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं का मी?

भाऊजींना माहीत असणार. त्या दिवशी गाडी घेऊन परत फिरले ते उगाच नाही. उद्या विचारते.

३१ मार्च

विचारलं. या वेळी खाकरले नाहीत. "आम्ही दोघं रोज शोधायचो, वहिनी. मी रोज म्हणायचो, दादा, वहिनीला सांग. तो म्हणायचा, तिसऱ्यांदा आहे रे. सांगायला यायचं नाही म्हणालीय."

आणि तरी त्या सकाळी आले होते. दारात उभे राहिले होते.